पहिला डीएसएलआर : आधी लेन्सचा विचार, मग कॅमेऱ्याचा

खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर काही वर्षे छायाचित्रे टिपल्यानंतर एक टप्पा असा येतो, की तो कॅमेरा अपुरा वाटू लागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी रंगमंचावर नाचत असते आणि छायाचित्रात मात्र तिच्या जागी रंगांचा फराटा उमटतो. भिगवणच्या जलाशयावरून रोहित पक्ष्यांचा थवा उडतो आणि बटण दाबल्यावर क्षणभर रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्यात रिकामे आकाश येते. विसर्जन मिरवणुकीत फ्लॅश वापरला, तर पुढच्या दोघांचे चेहरे पांढरेफटक पडतात आणि मागची मूर्ती काळोखात जाते. मग घरात प्रश्न निघतो : आता डीएसएलआर घ्यावा काय?

हा खर्च मध्यमवर्गीय घराला सहज पेलणारा नसतो. तरीही ही खरेदी बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या बॉडीकडे आणि मेगापिक्सेलच्या आकड्याकडे पाहून होते. सोबत मिळालेली लेन्स तीच कायम राहते, छायाचित्रांत अपेक्षित फरक दिसत नाही आणि वर्षभरात कॅमेरा कपाटात जाऊन बसतो. प्रत्यक्षात निवडीचा क्रम उलटा असायला हवा. आपला जुना कॅमेरा नेमका कोठे कमी पडला, हे आधी ठरवावे. ती उणीव कोणती लेन्स भरून काढील, हे त्यानंतर पाहावे. आणि ती लेन्स ज्यावर नीट चालेल अशी बॉडी शेवटी निवडावी. डीएसएलआरची नवी मॉडेले येणे जवळपास थांबले असल्याने तर आज हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरतो.

आरशामुळे काय साधते?

एसएलआर म्हणजे सिंगल लेन्स रिफ्लेक्स. ज्या लेन्समधून छायाचित्र टिपले जाते, त्याच लेन्समधून छायाचित्रकार दृश्य पाहतो, हा या रचनेचा गाभा. लेन्समागे ४५ अंशांत एक आरसा बसवलेला असतो. आत आलेला प्रकाश या आरशावरून वर जातो, तेथील लोलकातून वळतो आणि डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. ‘खटॅक’ असा जो परिचित आवाज येतो, तो या आरशाचा आणि शटरचा.

या रचनेचा दुसरा फायदा फोकसचा. आरशातून थोडा प्रकाश खाली, फोकससाठी राखलेल्या स्वतंत्र सेन्सरकडे जातो. लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवायची, हे त्याला एकाच मोजणीत कळते. छोटे कॅमेरे मात्र बहुधा लेन्स पुढे-मागे करून प्रतिमा कोठे सर्वांत ठळक दिसते, याचा शोध घेतात. या शोधात जो वेळ जातो, तेवढ्यात पक्षी उडून गेलेला असतो.

डिजिटल एसएलआर सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला बराच काळ लागला. बाजारात विकला गेलेला पहिला डिजिटल एसएलआर कोडॅकने १९९१ साली आणला. निकॉनचा ‘डी१’ १९९९ साली आला, तेव्हा त्याची क्षमता २.७ मेगापिक्सेल होती आणि तो वृत्तछायाचित्रकारांसाठी होता. हौशी ग्राहकांसाठी दार उघडले ते २००३ साली. कॅननचा ६.३ मेगापिक्सेलचा ‘ईओएस ३००डी’ अमेरिकेत १,००० डॉलरपेक्षा कमी किमतीत आला. पाठोपाठ २००४ साली निकॉनने ‘डी७०’ आणला आणि घरगुती डीएसएलआरचे युग सुरू झाले.

मेगापिक्सेलचा आकडा फसवा

छोटा कॅमेरा २० मेगापिक्सेलचा असतो आणि डीएसएलआर २४ मेगापिक्सेलचा. मग फरक तो काय, असे वाटणे साहजिक आहे. फरक सेन्सरच्या आकारात आहे.

छोट्या कॅमेऱ्यांतील सर्वाधिक प्रचलित सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण २८ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचा असतो. हौशी डीएसएलआरमध्ये ‘एपीएस-सी’ नावाचा सेन्सर असतो. कॅननमध्ये त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३३० आणि निकॉनमध्ये सुमारे ३७० चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे किमान ११ ते १३ पट. ‘फुल फ्रेम’ सेन्सर हा जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो.

पावसात गच्चीवर एक वाटी आणि एक परात ठेवली, तर परातीत जास्त पाणी जमते. सेन्सरवर जमणाऱ्या प्रकाशाचेही तसेच आहे. उजेड भरपूर असताना वाटीचेही काम भागते. म्हणून भर दुपारी समुद्रकिनारी टिपलेल्या छायाचित्रांत दोन्ही कॅमेऱ्यांमध्ये फारसा फरक जाणवत नाही. उजेड कमी झाला, की छोट्या सेन्सरच्या प्रतिमेत दाणे दिसू लागतात, रंग मळकट होतात आणि तपशील पुसला जातो. त्यामुळेच १२ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर लग्नाच्या हॉलमध्ये २० मेगापिक्सेलच्या छोट्या कॅमेऱ्याला मागे टाकतो.

मोठ्या आकड्याची गरज किती, हे साध्या गणितावरून कळते. १२ बाय ८ इंचांचे छायाचित्र उत्तम दर्जाने छापायचे, तर प्रत्येक इंचाला ३०० ठिपके लागतात. ३,६०० गुणिले २,४०० म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके, अर्थात ९ मेगापिक्सेलहूनही कमी. घरच्या अल्बमसाठी आणि भिंतीवरच्या तसबिरीसाठी गेल्या १५ वर्षांतला जवळपास कोणताही डीएसएलआर पुरेसा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा दर्जा वरचा असला, तरी त्याची बॉडी आणि विशेषतः लेन्सेस महाग व जड असतात. पहिल्या कॅमेऱ्यासाठी एपीएस-सी सेन्सर योग्य ठरतो.

हॉलमधला अंधार आणि लेन्सचा आकडा

डीएसएलआरसोबत येणाऱ्या लेन्सला ‘किट लेन्स’ म्हणतात. ती बहुधा १८-५५ मिलिमीटरची असते आणि तिच्यावर ३.५-५.६ असे आकडे असतात. हे आकडे लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, जास्तीत जास्त किती उघडते हे सांगतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली, की छिद्र ५.६ पेक्षा मोठे होत नाही.

स्नेहसंमेलनाचे उदाहरण घेऊ. समजा हॉलमधील प्रकाशात, सेन्सरची संवेदनक्षमता दाखवणारा आयएसओ १६०० ठेवून, एफ/५.६ या छिद्राला शटर १/३० सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात नाचणाऱ्या मुलीचा हात वीतभर सरकतो आणि छायाचित्र हलते. त्याच जागी, त्याच आयएसओवर, ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स एफ/२ वर वापरली, तर आठपट प्रकाश आत येतो आणि शटरला १/२५० सेकंद पुरतो. मुलीची मुद्रा स्पष्ट टिपली जाते. कॅमेरा तोच, हॉल तोच. बदलली ती फक्त लेन्स.

५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स प्रत्येक प्रमुख कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सेसपैकी एक असते. कॅननची २०१५ साली आलेली अशी लेन्स जेमतेम १६० ग्रॅमची आहे. तिला झूम नाही. जवळचे दृश्य हवे तर पुढे आणि लांबचे हवे तर मागे चालत जावे लागते. एपीएस-सी सेन्सरवर ती थोडी जवळचे दृश्य दाखवते, म्हणून घरातल्या खोलीत ३५ मिलिमीटरची लेन्स अधिक सोयीची पडते. निकॉनने अशी ३५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स खास एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी २००९ साली आणली. घरातली मुले, समारंभ, रंगमंच हे ज्यांचे विषय आहेत, त्यांनी महागड्या बॉडीऐवजी साधी बॉडी आणि अशी एक लेन्स घेणे केव्हाही फायद्याचे.

पक्ष्यांची गोष्ट निराळी. छोट्या कॅमेऱ्यावर ‘३०एक्स झूम’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड टोकांचे गुणोत्तर ३० आहे, एवढाच. या हिशेबाने १८-५५ ही लेन्स केवळ तीनपट झूमची ठरते. ३०एक्स झूमची सवय असलेला ग्राहक डीएसएलआर घेऊन शिवडीच्या खाडीवर जातो आणि रोहित पक्षी ठिपक्याएवढे दिसल्यावर हिरमुसतो. पक्ष्यांसाठी किमान ३०० मिलिमीटरपर्यंत पोचणारी लेन्स लागते. एपीएस-सी सेन्सरमुळे तिचा आवाका निकॉनवर ४५० आणि कॅननवर ४८० मिलिमीटरसारखा होतो. तरीही ३०एक्स झूमच्या छोट्या कॅमेऱ्याएवढी पोच हवी असेल, तर लेन्सचा आकार, वजन आणि किंमत हे तिन्ही वाढते. ही तयारी नसेल, तर पक्षीनिरीक्षकाला जास्त झूमचा छोटा कॅमेराच अधिक उपयोगी पडेल, हेही मान्य करायला हवे.

पहिल्या आठवड्यातली निराशा

‘जुन्या कॅमेऱ्यात फोटो जास्त स्पष्ट यायचे’ ही नवा डीएसएलआर घेणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे, पण दोष कॅमेऱ्याचा नसतो.

छोट्या सेन्सरमुळे साध्या कॅमेऱ्याची लेन्स प्रत्यक्षात अवघी चार-पाच मिलिमीटरची असते. अशा लेन्समध्ये जवळच्या माणसापासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे काही स्पष्ट दिसते. डीएसएलआरमध्ये ज्यावर फोकस केले तेवढेच स्पष्ट येते आणि पुढचे-मागचे धूसर होते. व्यक्तिचित्रात ही धूसर पार्श्वभूमीच लोकांना हवी असते. परंतु दहा जणांच्या कौटुंबिक छायाचित्रात पुढच्या रांगेतले आजोबा स्पष्ट आणि मागच्या रांगेतली सून धूसर झाली, तर कॅमेऱ्यावर खापर फुटते. अशा वेळी अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास न्यायचे असते. हे समजायला चार दिवस जातात.

दुसरे कारण रंगांचे. छोटे कॅमेरे छायाचित्र टिपतानाच रंग गडद आणि कडा ठळक करून देतात. डीएसएलआर त्या मानाने संयमी असतो. छायाचित्रावर पुढील संस्कार छायाचित्रकार संगणकावर करील, असे त्यात गृहीत धरलेले असते. त्यासाठी ‘रॉ’ प्रकारच्या फाइलची सोय असते. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठवल्या जातात; रॉ फाइलमध्ये ४,०९६ किंवा १६,३८४. काळवंडलेला चेहरा नंतर उजळायचा असेल, तर या जास्तीच्या छटा कामी येतात. मात्र संगणकासमोर बसण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यासाठी या सोयीला अर्थ नाही.

तिसरी अडचण सवयीची. छोट्या कॅमेऱ्यात मागच्या पडद्यावर पाहून बटण दाबले जाते. अनेक डीएसएलआरमध्ये पडद्यावर पाहून छायाचित्र टिपायला गेले, की आरसा वर राहतो, फोकसचा स्वतंत्र सेन्सर निकामी होतो आणि कॅमेरा मंदावतो. कॅननने २०१३ साली ‘७०डी’पासून सेन्सरवरच वेगवान फोकसची सोय दिली, पण सर्वच मॉडेलांत ती नाही. डीएसएलआर घ्यायचा, तर डोळा व्ह्यूफाइंडरला लावण्याची सवय करावी लागते. ज्यांना ते नकोच आहे, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

माउंटचे नाते

बॉडी आणि लेन्स ज्या कड्याने जोडली जाते, त्याला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा असतो. एका कंपनीच्या दोन-तीन लेन्सेस घेतल्या, की दुसऱ्या कंपनीकडे वळणे खर्चिक होते. म्हणून पहिली खरेदी ही पुढच्या दहा वर्षांच्या खरेदीची दिशा ठरवते. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटू लागते. चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरून उरते.

निकॉनचा ‘एफ’ माउंट १९५९ सालचा आहे. त्यामुळे जुन्या लेन्सेसचा मोठा साठा बाजारात मिळतो. पण येथे एक मेख आहे. निकॉनच्या ‘एएफ’ आणि ‘एएफ-डी’ जातीच्या जुन्या लेन्सेसमध्ये फोकसची मोटर नसते. ती बॉडीत असावी लागते. ‘डी३५००’ किंवा ‘डी५६००’ यांसारख्या स्वस्त बॉडींमध्ये ती नाही. त्यामुळे स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली जुनी लेन्स या कॅमेऱ्यांवर हाताने फिरवूनच फोकस करावी लागते. ‘डी७५००’ मध्ये ही मोटर आहे. याच्या उलट, ‘एएफ-पी’ जातीच्या नव्या लेन्सेस ‘डी९०’ सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. निकॉनची लेन्स आणि बॉडी वेगवेगळ्या ठिकाणाहून घेणाऱ्याने ही अक्षरे वाचूनच पैसे मोजावेत.

कॅननचा ‘ईएफ’ माउंट १९८७ सालचा. स्वयंचलित फोकसच्या प्रत्येक ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असल्याने वरची अडचण येत नाही. मात्र ‘ईएफ-एस’ असे लिहिलेल्या लेन्सेस केवळ एपीएस-सी बॉडींवर बसतात. पुढे फुल फ्रेम डीएसएलआर घेतला, तर त्या त्यावर चालत नाहीत.

आरसा मावळतीला, मग घ्यावा का?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली आरसा नसलेल्या, म्हणजेच मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. कॅननचा ‘आरएफ’ आणि निकॉनचा ‘झेड’. कॅननचे ‘८५०डी’ व ‘१डी एक्स मार्क ३’ आणि निकॉनचे ‘डी७८०’ व ‘डी६’ हे सारे २०२० सालचे. त्यानंतर या कंपन्यांचा सगळा भर मिररलेसवर राहिला. सोनीने आपल्या डीएसएलआरच्या माउंटची मॉडेले २०२१ साली बंद केली. पेन्टॅक्सने मात्र आरशाची साथ सोडली नाही. २०२१ साली ‘के-३ मार्क ३’ आणि २०२२ साली ‘केएफ’ हे त्याचे नवे डीएसएलआर आले.

या बदलामागे केवळ आरसा नाही. मोबाइल फोनमुळे साऱ्या कॅमेरा व्यवसायाचेच आकुंचन झाले. २०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली हा आकडा एक कोटीच्याही खाली आला. एवढ्याशा बाजारात दोन-दोन प्रणाली चालवणे कंपन्यांना परवडणारे नव्हते.

मिररलेसचे फायदे खरे आहेत. छायाचित्र कसे येणार, ते टिपण्याआधीच त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. छोट्या कॅमेऱ्यावरून येणाऱ्याला हे ओळखीचे वाटते. डोळ्यांवर फोकस आपोआप राहतो, चित्रफितीसाठी तो अधिक सोयीचा आहे आणि नव्या लेन्सेस त्याच्यासाठीच येत आहेत. नव्याने, वॉरंटीसह आणि पुढची दहा वर्षे वाढवत नेण्यासाठी कॅमेरा घ्यायचा असेल, तर आज मिररलेसकडेच पाहावे.

मग डीएसएलआर कोणासाठी? ज्यांचे बजेट मर्यादित आहे आणि ज्यांना छायाचित्रण शिकायचे आहे, त्यांच्यासाठी. मिररलेसकडे वळलेल्यांनी विकायला काढलेल्या बॉडी आणि लेन्सेस वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात भरपूर आहेत. आरशाच्या व्ह्यूफाइंडरला वीज लागत नसल्याने बॅटरीही दीर्घकाळ पुरते : ‘डी३५००’ हा एका चार्जिंगमध्ये प्रमाणित चाचणीनुसार १,५५० छायाचित्रे देतो, तर प्राथमिक श्रेणीतले अनेक मिररलेस ३०० च्या आसपास. पंढरीच्या वारीत चालताना किंवा सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या भटकंतीत, जेथे चार्जिंगची सोय नसते, तेथे हा फरक मोठा आहे.

यात घातलेले पैसे वाया जातात असेही नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सेस कंपनीच्याच अ‍ॅडाप्टरने आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यांवर स्वयंचलित फोकससह चालतात. निकॉनच्या ‘एफटीझेड’ अ‍ॅडाप्टरवर मोटर असलेल्या ‘एएफ-एस’ लेन्सेस फोकस करतात. मोटर नसलेल्या ‘एएफ-डी’ मात्र करत नाहीत. म्हणजे आज योग्य लेन्स निवडली, तर उद्या बॉडी बदलताना ती सोबत येते. लेन्स आधी, बॉडी नंतर, या क्रमाचा फायदा येथे प्रत्यक्ष रुपयांत मोजता येतो.

वापरलेला कॅमेरा तपासताना

मुंबईत फोर्ट परिसरातील बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी जुना परिचित आहे. दुकानातून घ्या वा ओळखीच्या व्यक्तीकडून, काही गोष्टी स्वतः पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये.

शटर हा डीएसएलआरचा झिजणारा भाग. कंपन्या त्याचे आयुष्य सांगतात : साध्या मॉडेलांत साधारण एक लाख वेळा उघडझाप, ‘५डी मार्क ३’ साठी दीड लाख, ‘डी८५०’ साठी दोन लाख. हा अंदाज असतो, मुदत नव्हे. तरीही ९० हजार छायाचित्रे झालेला साधा कॅमेरा स्वस्तातच मिळायला हवा. निकॉनमध्ये ही संख्या छायाचित्राच्या फाइलमधील नोंदीत सापडते. कॅननच्या बहुतेक मॉडेलांसाठी वेगळे सॉफ्टवेअर वा सेवा केंद्र गाठावे लागते.

सेन्सरवरील डाग पाहण्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ वर नेऊन निरभ्र आकाशाचे वा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र टिपावे. धुळीचे ठिपके साफ करता येतात; ओरखडे नाहीत. व्ह्यूफाइंडरमधील धूळ छायाचित्रात येत नाही, तिची चिंता नको. लेन्सच्या एका बाजूने विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी होय. किंमत कितीही कमी असली, तरी ती लेन्स घेऊ नये. मूळ बिल मागावे आणि बॉडीवरील क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. चोरीचा माल विकत घेण्याचा धोका त्यामुळे टळतो.

पावसाळ्यातला शत्रू

मुंबई आणि कोकणात कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू बुरशी हाच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कपाटात, चामडी पिशवीत महिनोन् महिने बंद असलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी वाढते आणि काचेवरचा थर खाते. एकदा थर गेला, की साफसफाई करूनही लेन्स पूर्ववत होत नाही.

उपाय महागडा नाही. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक एवढे पुरे. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असे पाहावे. सिलिका जेलचा रंग बदलला, की ते गरम करून पुन्हा वापरता येते. लेन्सेस वाढल्यावर विजेवर चालणारे कोरडे कपाट घेता येईल. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत जाताना कॅमेरा काही वेळ पिशवीतच बंद ठेवावा. अन्यथा काचेवर दव धरते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणे. उजेडात आणि हवेत वावरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

कोणी काय निवडावे?

* घरातली मुले, समारंभ, रंगमंच : वापरलेली साधी एपीएस-सी बॉडी, किट लेन्स आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स.
* पक्षी आणि वन्यजीव : बॉडीपेक्षा लेन्सवर अधिक खर्च. ३०० मिलिमीटर वा त्याहून लांब लेन्स आणि तिचे वजन उचलण्याची तयारी.
* भटकंती आणि निसर्गदृश्ये : किट लेन्स पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांत हलका पण स्थिर ट्रायपॉड घ्यावा. ‘डी३५००’ सारखी बॉडी बॅटरी व कार्डासह ४१५ ग्रॅमची आहे.
* प्रामुख्याने चित्रफिती : डीएसएलआर नको, मिररलेस घ्यावा.
* केवळ सहलीच्या आठवणी, तीही भर उजेडात : जुना छोटा कॅमेरा किंवा फोन पुरेसा आहे. खर्च टाळावा.

पैसे मोजण्यापूर्वी

* एकूण रकमेतील निम्म्याहून अधिक वाटा बॉडीवर जाऊ देऊ नये. लेन्स, दोन मेमरी कार्डे, जादा बॅटरी, पिशवी आणि कोरडा डबा यांचा हिशेब आधीच धरावा.
* कॅमेरा हातात धरून पाहावा. पकड जमत नसेल, तर कितीही चांगला कॅमेरा घरीच राहतो.
* नवा कॅमेरा घेताना भारतातील वॉरंटीचे कार्ड आणि जीएसटीचे बिल मागावे. बिलाविना स्वस्तात मिळणाऱ्या आयात मालाला येथील सेवा केंद्रात वॉरंटीचा लाभ मिळेलच असे नाही.
* शक्य असेल, तर हवी ती बॉडी आणि लेन्स एखाद्या समारंभापुरती भाड्याने घेऊन पाहावी. दोन दिवसांच्या वापरात जे कळते, ते दुकानाच्या काउंटरवर कळत नाही.
* जुन्या कॅमेऱ्यातील, मनासारखी न आलेली वीस छायाचित्रे काढून पाहावीत. ती हलली आहेत, काळोखी आहेत की विषय लांब राहिला आहे, हे त्यांतून दिसेल. कोणती लेन्स घ्यायची, याचे उत्तर बहुधा तेथेच मिळते.